पीआरची फाइल तयार, नवराच तयार नाही

प्रश्न (पत्र मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय):

ताई, मी ३३ वर्षांची. २०१८ ला शिकायला कॅनडात आले, २०२१ ला पीआर (कॅनडात कायमचं राहण्याचा परवाना) झाला, आता मिसिसागात एका कंपनीत पेरोलचं काम बघते. दीड वर्षापूर्वी नाशिकला लग्न झालं. स्थळ वधूवर साइटवरून आलेलं, काही महिने व्हिडिओ कॉलवर बोललो, मग भेटून ठरवलं. नवरा ३६ चा, सातपूर एमआयडीसीत क्वालिटी सुपरवायझर आहे. आधी दोन वर्षं मस्कतला होता, २०२० ला परत आला. लग्नानंतर मी साडेतीन आठवडे राहिले आणि नंतर एकदा दिवाळीला जाऊन आले, एवढाच आमचा संसार. त्याचा व्हिजिटर व्हिसा एकदा रिजेक्ट झालाय. म्हणून मी स्पाउस स्पॉन्सरशिपची, म्हणजे जोडीदाराला पीआर मिळवून देण्याची, फाइल करायला घेतली. सगळे फॉर्म मी भरलेत, फी मी भरणार आहे, एक्सेलमध्ये यादी केलीय, माझं सगळं हिरवं आहे आणि त्याच्या नावापुढचं लाल. त्याने फक्त पीसीसी (पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट) काढायचंय आणि सह्या करायच्यात. नऊ महिने झाले, रोज विचारलं की "बघतो". सासूबाई म्हणतात, माझा मुलगा काय घरजावई म्हणून पाठवायचा का. इथल्या मैत्रिणी म्हणतात, सांभाळून, पीआर हातात पडला की सोडून जातात आणि तीन वर्षं तू भरत बसशील. बाबा म्हणतात स्टॅम्प पेपरवर लिहून घे. माझा वापर होतोय का? फाइल टाकू की थांबवू?

उत्तर:

तू ताई म्हणालीस म्हणून मी पण सरळ अगं-तुगंवर येते. मी वकील नाही, इमिग्रेशन कन्सल्टंट पण नाही, त्यामुळे नियमांचं जे खाली लिहितेय ते फाइल टाकायच्या आधी आयआरसीसीच्या (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या) साइटवर एकदा स्वतः ताडून बघ, तिथे गोष्टी बदलत असतात.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात दोन भीती आहेत आणि त्या दोन्ही एकाच माणसाबद्दल आहेत हे मला जरा नवल वाटलं. एक म्हणजे तो पीआरसाठी तुला वापरतोय, दुसरी म्हणजे तो पीआरसाठी काहीच हालचाल करत नाहीये. अगं, पीआरसाठी लग्न करणारा माणूस पीसीसीला नऊ महिने लावत नाही. तो लग्नाच्या मांडवातूनच पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घेतो. "फाइल कुठवर आली" म्हणून तोच तुझ्या मागे लागलेला असतो, पैसे मागतो, घरच्यांशी तुझं बोलणं जमू देत नाही, जुन्या गोष्टी विचारल्या की उडवून लावतो. यातलं एकही तू लिहिलेलं नाहीस. मैत्रिणींनी ज्या कोणाचं बघितलं असेल ते खरं असेल, मी नाही म्हणत नाही, फसलेल्या मुली पण आहेत आणि मुलं पण. पण त्यांच्या अनुभवातला माणूस आणि तुझा नवरा यांच्या वागण्यात मला तरी काही साम्य दिसत नाही.

म्हणून त्याचं वागणं बरोबर आहे असं मात्र अजिबात नाही. नऊ महिने "बघतो" म्हणत राहणं हा बायकोला ताटकळत ठेवायचाच प्रकार आहे. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणावं, वेळ हवा असेल तर किती हवा ते सांगावं. हे त्याला ऐकवायला हवंच, फक्त "तू मला वापरतोयस का" या प्रश्नाने सुरुवात केलीस तर पुढचं सगळं बोलणं तिथेच अडकेल.

आता मस्कतचं. पत्रात तू ते एका वाक्यात लिहिलंस आणि पुढे गेलीस, मी मात्र तिथेच थांबले. तो माणूस एकदा परदेशात जाऊन आलाय. दोन वर्षं राहिला आणि २०२० ला परत आला. का आला? काँट्रॅक्ट संपलं, कोरोनात कंपनीने काढलं, आई आजारी पडली, की एकटेपणा सहन झाला नाही? तुला माहीत असेल तर तू लिहिलं नाहीस, आणि माहीत नसेल तर दीड वर्षाच्या लग्नात हा प्रश्न विचारायचा राहून गेलाय. गल्फमधून परत आलेल्या माणसाला घरी आल्यावर काय काय ऐकावं लागतं ते नाशिक-सांगली-रत्नागिरीच्या कुठल्याही घरात विचार, "काय मग, परत आलास?" यातच सगळं आलं. त्याने नाशिकला पुन्हा नोकरी धरली, सुपरवायझर झाला, लोक साहेब म्हणायला लागले, आणि आता त्याला परत शून्यावरून सुरू कर म्हणतोय आपण, ते पण बायकोच्या कागदावर. तो घाबरला असेल. कदाचित त्याला स्वतःलाही ते नीट कळलेलं नसेल, म्हणून तोंडातून फक्त "बघतो" निघतं. हा माझा अंदाज आहे, चुकीचा असेल. पण तू तर अंदाज पण केला नाहीस, तू त्याला एक पेंडिंग कागद समजून फॉलोअप करत राहिलीस. राग मानू नको. पेरोलवाल्या माणसाला लाल खाना दिसला की तो हिरवा करायचा असतो हे मला समजतं.

आणि मस्कतचा एक कोरडा, कागदी मुद्दा पण आहे. गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात माणूस सलग सहा महिने किंवा जास्त राहिलाय त्या प्रत्येक देशाचं पोलिस सर्टिफिकेट लागतं. म्हणजे भारताचं पासपोर्ट सेवातून मिळणारं पीसीसी एकटं पुरणार नाही, ओमानचं पण लागेल. तुझ्या एक्सेलमध्ये त्याची ओळ आहे का? पत्रावरून तरी नसावी. नाशिकचं पीसीसी म्हणजे ऑनलाइन फॉर्म, ५०० रुपये फी, केंद्रात एक फेरी आणि वेळ पडली तर पोलिस स्टेशनची एक फेरी. सोडून आलेल्या देशाचं सर्टिफिकेट काढणं ही जास्तीची खटपट आहे. त्याला हे माहीत असेल, तिथल्या जुन्या कंपनीशी परत संपर्क करायचा त्याला नको वाटत असेल, किंवा काहीतरी अर्धवट राहिलेलं असेल. विचार.

तीन वर्षं भरत बसण्याचं आता बघू, कारण हे सगळ्याच स्पॉन्सर लोकांना छळतं आणि त्यात ऐकीव गोष्टी फार आहेत.

स्पॉन्सर म्हणून तू सरकारला एक हमी लिहून देतेस, अंडरटेकिंग. नवरा-बायकोसाठी ती तीन वर्षांची असते आणि तो ज्या दिवशी पीआर होईल त्या दिवसापासून मोजतात. मध्ये भांडण झालं, वेगळे राहिलात, घटस्फोट झाला, तुझी नोकरी गेली, तरी ती हमी चालूच राहते, तो पीआर झाल्यावर ती मागे घेता येत नाही. इथपर्यंत मैत्रिणी बरोबर आहेत. पण हमी कशाची, तर त्याच्या मूलभूत गरजांची, आणि प्रत्यक्षात पैशाचा प्रश्न येतो तो त्याने सरकारी सोशल असिस्टन्स (गरजूंना मिळणारा भत्ता) घेतला तर, ओंटारियोत त्याला ओंटारियो वर्क्स म्हणतात. त्याने तो घेतला तर सरकार ते पैसे तुझ्याकडून वसूल करू शकतं. याच्यावर लोक कोर्टात पण गेले होते, २०११ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे कर्ज आहे आणि ते फेडावं लागतं, फार तर सरकार परिस्थिती बघून वसुली लांबवू शकतं. त्याची क्रेडिट कार्डाची बिलं, कारचा हप्ता, असलं काही या हमीत येत नाही. नोकरी गेल्यावर मिळणारा ईआय म्हणजे सोशल असिस्टन्स नाही. सरकारी दवाखान्याचा खर्च पण नाही. आता तूच सांग, सातपूरला वीस-पंचवीस माणसांची शिफ्ट सांभाळणारा छत्तिशीतला माणूस ओंटारियो वर्क्सच्या रांगेत उभा राहील ही शक्यता किती? शून्य म्हणणार नाही मी. पण त्या भीतीपायी नऊ महिने झोप घालवावी एवढी पण नाही.

अजून दोन गोष्टी माहीत असू देत. स्पॉन्सर होऊन पीआर झालेला माणूस पुढची पाच वर्षं दुसऱ्या कुठल्या जोडीदाराला स्पॉन्सर करू शकत नाही. आणि तुझी हमी चालू आहे तोवर तुला पण दुसऱ्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येणार नाही. "दोन वर्षं एकत्र राहावंच लागतं नाहीतर पीआर जातो" असं जे अजून सांगतात तो नियम २०१२ ला आला होता आणि २०१७ ला काढून टाकला, आता नाहीये.

बाबांचा स्टॅम्प पेपर. बाबांची काळजी खरी आहे, पण त्यांना प्रेमाने नाही म्हण. एक तर तू सरकारला दिलेल्या हमीवर त्या कागदाचा काडीचाही परिणाम होत नाही. दुसरं, पीआर आणि पैसे यांचा हिशोब मांडलेला नवरा-बायकोतला करार उद्या कुठे समोर आला तर ऑफिसरला पहिली शंका येईल ती लग्नावरच. आणि तिसरं जे मला सगळ्यात जास्त वाटतं, जो माणूस आधीच "बायकोच्या मागे जातोय" या शब्दांनी बोचलेला आहे त्याच्यापुढे पाचशेचा स्टॅम्प ठेवलास तर तो सही करेल सुद्धा, पण मग तुमच्यात काय राहिलं.

सासूबाईंवर मी फार वेळ घालवणार नाही. घरजावई वगैरे बोलणं हे बहुतेक वेळा "मी एकटी पडेन" याचंच दुसरं रूप असतं, त्या तसं सरळ म्हणणार नाहीत. त्यांच्यासाठी एक माहिती उपयोगी पडेल: आईवडिलांना सुपर व्हिसावर बोलवता येतं, २०२२ च्या जुलैपासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, उत्पन्नाची अट आणि मेडिकल इन्शुरन्स लागतो. पण तो व्हिसा पोटच्या मुलाच्या किंवा नातवंडाच्या निमंत्रणावर मिळतो, सुनेच्या नाही. म्हणजे त्यांना मुलाकडे येऊन राहायचं असेल तर मुलगा पीआर असायला हवा. हे तू सांगू नको, त्याला सांगू दे.

आता मुख्य मुद्दा, फॉर्म. तू लिहिलंस "सगळे फॉर्म मी भरलेत", आणि तू ते कौतुकाने लिहिलंस. मला तिथेच सगळ्यात जास्त धोका दिसतो. या फाइलमध्ये अर्जदार तो आहे, तू त्याच्यामागे उभी राहणारी. रिलेशनशिपचा जो फॉर्म आहे ना, आयएमएम ५५३२, तो उघड आणि त्याच्या जागेवर बसून वाच. पहिल्यांदा कुठे कधी भेटलात, कोणी ओळख करून दिली, लग्नाला कोण आलं होतं, कोणाच्या घरचं जवळचं कोण नव्हतं आणि का, एकमेकांना भेटायला कधी गेलात, आधीचं लग्न वगैरे काही होतं का. हे सगळं तू तुझ्या आठवणीतून, तुझ्या इंग्रजीत लिहिलंयस. उद्या त्याला इंटरव्ह्यूला बोलावलं आणि "बायको कुठल्या शिफ्टला असते, तिच्याबरोबर घरात कोण राहतं, तुम्ही मस्कतहून का परत आलात" असं विचारलं तर तो काय सांगणार? सगळ्यांनाच बोलावतात असं नाही, पण बोलावलं तर तू तिथे नसशील. ॲरेंज मॅरेज आहे म्हणून कोणी नाकारत नाही, ते त्यांना चांगलं माहीत आहे. ते बघतात की दोन माणसांना एकमेकांचं आयुष्य ठाऊक आहे का. लग्नच खोटं आहे किंवा मुख्य हेतू इमिग्रेशनचा आहे असं वाटलं तर नाकारायचा अधिकार नियमातच आहे.

तर असं कर, तुझा भरलेला फॉर्म बाजूला ठेव. कोरा त्याला पाठव. एखाद्या रविवारी, तुझी सकाळ आणि त्याची संध्याकाळ असेल तेव्हा, दोघांनी कॉलवर बसून त्याचं उत्तर त्याने द्यायचं, मराठीत सांगू दे, इंग्रजी नंतर करा. मला खात्री आहे की "तुम्ही कॅनडात कुठे राहणार, काय करणार" या जागी आलात की तो गप्प होईल. तिथे घाई करू नको. तिथेच मस्कत निघेल, आई निघेल, नोकरी निघेल. नोकरीवरून आठवलं, मस्कतहून आल्यावर सातपूरला लागला म्हणतेस, तर पाच वर्षं पूर्ण झालीत का? ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. फुटकळ वाटेल, पण सातपूरच्या माणसाच्या डोक्यात हा हिशोब असतोच आणि तो बायकोला सांगायला लाजतो, कारण तू डॉलरमध्ये कमावतेस.

आणि तू पण त्याला खरं सांग. इथे आल्या आल्या सुपरवायझर कोणी करणार नाही. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, वॉन या पट्ट्यात मशीन शॉप भरपूर आहेत, ड्रॉइंग वाचता येणं, सीएमएम (मापं तपासायचं मशीन) चालवता येणं, मायक्रोमीटर हातात बसलेला असणं याला किंमत आहे, मशिनिस्टसारख्या ट्रेडला रेड सील म्हणून देशभर चालणारं सर्टिफिकेशन पण आहे. पण पहिली नोकरी बहुतेक तासावर पैसे देणारी इन्स्पेक्टरची असेल, कदाचित रात्रपाळी, थंडीत बसस्टॉपवर उभं राहून. हे त्याला आधी तुझ्याकडून कळू दे. एअरपोर्टवर उतरल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळलं तर त्याला मस्कतच आठवेल.

पर्यायांचं बोलायचं तर फाइल टाकणं म्हणजे नोकरी सोडणं नाही, हे त्याच्या लक्षात आणून दे, मला वाटतं त्याचा अर्धा गोंधळ तिथेच आहे. सरकारचं स्वतःचं उद्दिष्ट बारा महिन्यांचं असतं, पण ते मागेपुढे होतं, कधी बरंच. तेवढा सगळा काळ तो सातपूरलाच असेल, पगार चालू असेल. अर्ज फॅमिली क्लासमध्ये म्हणजे लोक ज्याला आउटलँड म्हणतात त्यात कर, कारण तो तिकडे आहे आणि नाकारला तर तुला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे तीस दिवसांत अपील करता येतं. इनलँडच्या, म्हणजे जोडीदार कॅनडातच असताना टाकलेल्या, फाइलला ती सोय नसते. तू अजून सिटिझन नाहीस, त्यामुळे फाइल चालू असताना तुझं राहणं कॅनडातच पाहिजे, भेटायला जाऊन ये, पण "सहा महिने नाशिकहून काम करते" हा विचार असेल तर सोड.

फाइल टाकल्यावर, पोच आली की व्हिजिटर व्हिसाला परत अर्ज करा. २०२३ च्या मे महिन्यात आयआरसीसीने जाहीर केलं होतं की स्पॉन्सरशिप चालू असलेल्या जोडीदारांचे व्हिजिटर व्हिसा ते वेगळ्या पद्धतीने आणि लवकर बघणार, आणि कायमचं यायचा इरादा असला तरी तात्पुरता व्हिसा मागता येतो ही तरतूद कायद्यातच आहे. मिळेलच असं नाही. आधीचा रिजेक्ट मात्र प्रत्येक फॉर्ममध्ये सांगायचा, लपवायचा नाही, खोटी माहिती दिली म्हणून पाच वर्षांची बंदी येते आणि मग अपीलात पण नाकी नऊ येतात. व्हिसा मिळाला तर त्याने बिनपगारी रजा टाकून दोन-तीन महिने यावं, शक्यतो जानेवारीत, जुलैत कॅनडा सगळ्यांनाच आवडतो. बघू दे त्याला. मग ठरवू दे. माझं मत विचारशील तर तुमच्यासाठी हाच रस्ता बरा आहे.

दुसरा पर्याय आहे थांबण्याचा, आणि तो वाटतो तेवढा वाईट नाही. तू २०२१ पासून पीआर आहेस, मधल्या दोन फेऱ्या सोडल्या तर इथेच आहेस, म्हणजे पाच वर्षांतले १०९५ दिवस तुझे बहुतेक भरलेत. सिटिझनशिपचा अर्ज कर. सिटिझन झालीस की तू भारतात राहून सुद्धा त्याला स्पॉन्सर करू शकतेस, फक्त तो पीआर झाल्यावर तुम्ही कॅनडात राहणार हे दाखवावं लागतं. आणि महत्त्वाचं म्हणजे पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात लागतात, पण सिटिझन जोडीदाराबरोबर परदेशात काढलेले दिवस त्यात धरले जातात. म्हणजे पुढे कधी आईच्या आजारपणात दोघं वर्षभर नाशिकला राहिलात तरी त्याचा पीआर लगेच धोक्यात येत नाही. त्याच्या मनात "एकदा गेलो की नाशिक तुटलं" असं काही असेल तर हे ऐकून जरा हलकं वाटेल. याची किंमत पण आहे, भारतीय पासपोर्ट जातो, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) घ्यावं लागतं, आणि ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आली तर चालते. तुमच्याकडे द्राक्षाची बाग असेल तर हा विषय घरात निघणारच.

तिसरा पर्याय तू पत्रात लिहिलेला नाहीस, पण मी विचारते. तू परत जाऊ शकतेस का? जा असं नाही सांगत. पण तो यायला तयार नाही याचा तुला राग आहे तर तू जायला का तयार नाहीस याचं उत्तर तुझ्याकडे तयार हवं, कारण तो ते कधी ना कधी विचारेल. "इथे माझं करिअर आहे, मी एकटीने उभं केलंय" हे चांगलं, सरळ उत्तर आहे. त्याचं पण तिकडे नेमकं तेच आहे एवढं फक्त डोक्यात ठेव.

खर्चाचं थोडक्यात: २०२४ च्या एप्रिलअखेरीला लागू झालेल्या दराने स्पॉन्सरशिप ८५, प्रोसेसिंग ५४५ आणि पीआरची फी ५७५ असे मिळून १२०५ डॉलर होत होते, बायोमेट्रिक्सचे ८५ वेगळे. दर दोन वर्षांनी वाढतात, भरायच्या दिवशीचा आकडा साइटवर बघ. अर्ज नाकारला गेला तर ते ५७५ परत मिळतात. मेडिकल आणि पीसीसीचे पैसे त्याने तिकडे रुपयांत भरावेत असं मला वाटतं. पैशाची बचत होते म्हणून नाही सांगत, फाइलमध्ये त्याचा हात लागू दे.

अशीच पत्रं बाकीच्यांची पण येतात म्हणून थोडं त्यांच्यासाठी. उलट बाजूला असलेल्या मुलींनो, म्हणजे नवरा कॅनडात आणि तुम्ही सासरी, "मी तुला स्पॉन्सर करतोय" हे वाक्य वारंवार ऐकून तुम्हाला उपकाराखाली दबल्यासारखं वाटत असेल तर फाइलची संपूर्ण कॉपी मागा, सही करायच्या आधी वाचा, कोऱ्या कागदावर सही करू नका. पीआर मिळेपर्यंत तो स्पॉन्सरशिप मागे घेऊ शकतो, मिळाल्यावर नाही. पीआर तुमचा असतो, "परत पाठवीन" ही धमकी त्यानंतर पोकळ आहे. ज्यांना पीआर अजून मिळालेला नाही आणि घरात मारहाण आहे त्यांच्यासाठी २०१९ पासून वेगळं टेम्पररी परमिट पण आहे.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना सलग बारा महिने एकत्र राहिल्याचे पुरावे लागतात, दोघांच्या नावचं भाडेपत्र, बँक खातं असलं काही. समलिंगी जोडप्यांचं लग्न कॅनडात २००५ पासून देशभर कायदेशीर आहे, भारतात मात्र २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मान्यता दिली नाही, त्यामुळे ज्यांना भारतात ना लग्न करता येतं ना उघडपणे एकत्र राहता येतं त्यांच्यासाठी कॉन्जुगल पार्टनर हा तिसरा वर्ग आहे, त्यात पुरावे जास्त लागतात, चांगला वकील धरा. व्हिडिओ कॉलवर लागलेलं लग्न इमिग्रेशनला २०१५ पासून चालत नाही, दोघं प्रत्यक्ष हजर पाहिजेत. आणि ज्यांचं लग्न स्वतःचा पीआर पूर्ण व्हायच्या आधी झालं पण "नंतर बघू" म्हणून बायकोचं नाव सांगितलं नाही, त्यांनी आज संध्याकाळीच वकिलाला फोन करा, न सांगितलेल्या जोडीदाराला पुढे फॅमिली क्लासमधून आणायचं दार बंद होऊ शकतं. कन्सल्टंट घेतलात तर त्याचं नाव कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या सार्वजनिक यादीत शोधा, यादीत नाही आणि वकीलही नाही तर पैसे देऊ नका, मग तो कितीही ओळखीतला असू दे.

परत तुझ्याकडे येते. फाइल टाकू की थांबवू विचारलंस, तर आज टाकू नको. त्याने स्वतःचा भाग स्वतः भरेपर्यंत टाकू नको. पण त्याला मुदत दे, मोघम नको, तारीख दे, दोन महिने पुष्कळ झाले. त्यात तो बसला, बोलला, रडला, भांडला, काहीही केलं तरी ते "बघतो" पेक्षा बरं. दोन महिन्यांनी पण फॉर्म कोराच राहिला तर त्याने न बोलता उत्तर दिलंय असं समज आणि मला परत लिही, तेव्हा मी पीआरबद्दल एक अक्षर बोलणार नाही, आपण तुमच्या लग्नाबद्दल बोलू. तोवर तुझ्या सिटिझनशिपचा अर्ज तुझ्या हातात आहे, तो कोणासाठी अडवून ठेवू नको. आणि एक्सेलमध्ये ओमानच्या पीसीसीची ओळ टाक, त्याच्यापुढे लाल रंग मात्र लावू नको इतक्यात.